आडनाव नसलेला आवाज

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नवनाथने आपला मोबाईल बायकोच्या पुढ्यात धरला.

"हे बघ योगिनी. आपल्या काळेवाडीची पोरगी आहे म्हणे. ऐक, कशी बोलते."

पडद्यावर दिल्लीच्या एका इंग्रजी वृत्तवाहिनीचा स्टुडिओ होता. निळा कोट घातलेली निवेदिका पाणीटंचाईची बातमी देत होती. पिंपरी-चिंचवडमधल्या काही वस्त्यांना स्वच्छ पाणी मिळत नाही, एवढंच तिचं वाक्य. पण त्या एका वाक्यात तिने ‘कान्ट’ म्हटलं ते थेट लंडनच्या थाटात आणि लगेच पुढे ‘वॉटर’चं ‘वॉडर’ केलं ते अमेरिकेच्या. ‘पिंपरी-चिंचवड’ तर असं म्हटलं की परदेशातलं एखादं थंड हवेचं गाव वाटावं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून, तीनदा वाजवून, मागे ढोलकी लावून सगळीकडे सोडून दिला होता.

"पिम्प्री चिन्चवॉड!" नवनाथ ओठ वाकडे करून म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो लाइनवर कामाला होता. "उद्या कंपनीच्या बसमध्ये दिवसभर हेच चालणार बघ."

खाटेवर पडलेल्या दुर्गाबाईंनी, त्याच्या आईने, मान उचलून विचारलं, "काय बोलायली ती? थंडी वाजायली का तिला?"

यावर नवनाथ आणखी हसला. योगिनीही हसल्यासारखं करून ताटं उचलायला वळली. पडद्याखालच्या पट्टीत निवेदिकेचं नाव होतं, अंजली ओव्हाळ. पण नाव वाचायची तिला गरज पडली नव्हती. पहिल्या दोन शब्दांतच तिने तो आवाज ओळखला होता. तो अंजलीचा होता, आणि थोडासा तिचा स्वतःचाही.

पुढच्या आठवड्यात तो तुकडा सगळीकडे पोचला. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर आला की कुणीतरी लिहायचं, ‘वॉडर आलं, खाली या.’ चहाच्या टपरीवर पोरं ‘एक कप वॉडर कमी चहा’ मागायची. एकाने लिहिलं होतं, एक पाय लंडनात, एक न्यूयॉर्कात आणि घर काळेवाडीत. दुसऱ्याने शोधून काढलं होतं की ही बाई कधी परदेशात राहिलेलीच नाही. मग तर लोक जास्तच चिडले. खोटारडी, नाटकी, आईबापांची लाज वाटणारी. काहींनी तिचं आडनाव वाचून जे लिहिलं होतं, ते योगिनीने अर्ध्यात सोडून दिलं.

ती नवऱ्याला सांगू शकली असती, की ही माझी मैत्रीण. आणि हा आवाज कुठून आला हे मला माहीत आहे, कारण तो आम्ही दोघींनी मिळून केलाय. पण नवनाथ रोज बसमधली नवी नक्कल घेऊन घरी यायचा आणि तो इतक्या मोकळेपणाने हसायचा, की तिचं सांगणं राहून जायचं.

लग्नाआधी योगिनी देहूरोडला राहायची. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पदवी झाल्यावर तिला तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. तिथे पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवर अंजली होती. दोघींचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, दोघींना इंग्रजी लिहिता यायचं आणि बोलताना घाम फुटायचा. आधी त्यांना इंग्लंडचे ग्राहक मिळाले. इंटरनेट बंद पडलं की तिकडचे लोक फोन करायचे. ट्रेनरने महिनाभर त्यांच्या जिभा वळवल्या. ‘कान्ट’ म्हणताना जांभई दिल्यासारखं तोंड उघडायचं, शेवटचा ‘र’ गिळून टाकायचा. ते कुठे जमायला लागलं, तर कंपनीला अमेरिकेचं काम मिळालं. आता वॉशिंग मशीनच्या वॉरंटीचे फोन. नवा ट्रेनर म्हणाला, आधीचं सगळं विसरा, ‘र’ गोल फिरवा, ‘ट’ मऊ करा.

"विसरायचं कशाला?" अंजली जेवणाच्या सुट्टीत म्हणाली होती. "एवढी मेहनत करून शिकलोय. राहू दे तेही."

म्हणून दोघींनी दोन्ही ठेवलं. सकाळी घरी सोडणाऱ्या गाडीत त्या मागच्या सीटवर बसून त्याच आवाजात गप्पा मारायच्या. योगिनीचं फोनवरचं नाव जीना, अंजलीचं अँजेला. काल काय भाजी केली, कुठल्या सुपरवायझरचं कुणाशी जुळलंय, सगळं त्या आवाजात. निगडीच्या पुलावर ऊन यायला लागलेलं असायचं आणि ड्रायव्हर आरशातून बघत म्हणायचा, "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या गावच्या?"

तोच प्रश्न ग्राहकही विचारायचे. टेक्सासचा एक माणूस अंजलीला म्हणाला, तू आयर्लंडची दिसतेस. न्यूयॉर्कच्या एका आजीबाईंना योगिनी कॅनडाची वाटली. एकदा असाच फोन ठेवून अंजली खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "योगे, तुला माहितीये मला हे एवढं का आवडतं? इथे नाव सांगितलं की माणसं थांबतात. पुढचं ऐकायला. आडनाव कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि या आवाजाला आडनावच नाही बघ. कुणाला काही पत्ताच लागत नाही."

 योगिनीने तेव्हा नुसता आपला डबा तिच्याकडे सरकवला होता.

मग योगिनीचं लग्न ठरलं. सासर मूळचं बीडकडच्या केजचं, काळेवाडीत स्थायिक झालेलं. रात्रपाळीची नोकरी सासऱ्यांना पसंत नव्हती, आणि योगिनीच्या वडिलांनी तिच्या वतीने आधीच मान हलवून टाकली होती. अंजली लग्नाला आली, स्टेजवर कानात त्याच आवाजात काहीतरी बोलली आणि नवरीला हसू आवरेना. नंतर ती पत्रकारितेचं शिकायला दिल्लीला गेली. सुरुवातीला फोन व्हायचे. नंतर मुलगा झाला, नंबर बदलले, दिवाळीचे मेसेजही थांबले. भांडण असं काही झालं नाही. योगिनी अंजलीच्याच काळेवाडीत राहायला आली आणि अंजली तिथून निघून गेली, एवढंच.

त्या तुकड्याचा गाजावाजा चालू असतानाच काळेवाडीतल्या बुद्धविहाराच्या मंडळाने अंजलीचा सत्कार ठरवला. तिचे वडील भीमराज ओव्हाळ तिथले जुने कार्यकर्ते. चौकात फ्लेक्स लागला. शेजारची दिपाली दारात येऊन म्हणाली, "चल ना गं, त्या वॉडरवालीला बघून येऊ. टीव्हीवरची बाई एवढ्या जवळून कधी बघायला मिळणार?"

योगिनीने कपाटातून चांगली साडी काढली. मग दुसरी काढली. दिपाली खालून हाका मारत होती तरी तिचं ठरत नव्हतं.

हॉल भरला होता. अंजली पांढऱ्या साडीत व्यासपीठावर बसली होती, टीव्हीवर दिसते त्याहून बारीक. तिने हात जोडून "जय भीम" म्हटलं आणि मराठीत बोलायला लागली. वडील कारखान्यातून आल्यावर हात धुऊन पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, बातमी वाचायची गोडी तिथून लागली, असं काहीतरी. तिची मराठी अगदी काळेवाडीची होती, तिच्यात कुठलाही देश मिसळलेला नव्हता.

मागून पोरांचा आवाज आला, "ताई, इंग्लिशमध्ये!"

"ताई, एकदा वॉडर!"

सगळा हॉल हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ती त्यांचीच होती, आणि आपल्या माणसाची फिरकी घ्यावी तशी ते घेत होते. अंजलीही हसली. तिने समोरच्या बाटलीतलं पाणी प्यायला घेतलं, बाटली खाली ठेवली आणि माइकमध्ये म्हणाली, "वॉडर."

शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या. दिपालीने योगिनीच्या मांडीवर थाप मारली. योगिनी मात्र अंजलीच्या चेहऱ्याकडे बघत होती. ओठ हसत होते. ती रोज कुठे ना कुठे हे करत असणार, असं योगिनीला वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर सेल्फीसाठी रांग लागली. योगिनीचा नंबर आला तेव्हा अंजलीने सवयीने हसून कॅमेऱ्याकडे बघितलं. तिने ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कशी? अंगाने भरलेली, डोक्यावर पदर, बरोबर मोबाईल धरून उभी असलेली शेजारीण. मागचे लोक ढकलत होते. योगिनी काही ठरवून बोलली नाही. तोंडातून आपोआप निघालं.

"थँक यू फॉर कॉलिंग. धिस इज जीना."

आवाज गंजलेला होता, पण तोच होता. ‘र’ फिरला, ‘कॉलिंग’ लंडनचं राहिलं.

अंजलीची मान झटक्यात वळली. "योगे!" म्हणत तिने तिला अशी मिठी मारली की गळ्यातला सत्काराचा हार दोघींच्या मध्ये चुरगळला. दिपालीचा मोबाईल हातातच राहिला.

भीमराजकाकांचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत होतं. अंजली योगिनीला हात धरून तिकडे घेऊन गेली. काकांनी स्वतः चहा टाकला. आधी दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या, मग एकदमच बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता कधी तो जुना आवाज लागला ते कळलंही नाही. सुपरवायझर, डबे, निगडीचा पूल, टेक्सासचा माणूस. योगिनीची जीभ मधेच अडखळायची, अंजली शब्द पुरवायची.

काका कप घेऊन आले आणि दारातच थांबले. "भांडताय का काय तुम्ही दोघी?"

"नाही पप्पा. भाजीचं बोलतोय."

काका गेल्यावर अंजलीने चहाचा एक घोट घेतला. मग मराठीत म्हणाली, "बरं झालं आज भेटलीस. सोमवारपासून चॅनेलने मला शिकवणी लावलीये. आवाजाची. बॉस म्हणाले, लोकांना तुझी बातमी आठवत नाही, उच्चार आठवतो. सगळं न्यूट्रल करायचंय."

"न्यूट्रल म्हणजे?"

"म्हणजे दिल्लीतल्या महागड्या शाळेत शिकल्यासारखं." ती हसली. "लोक म्हणतात खोटा आवाज आहे. अगं, मी पोट भरायला शिकलेली पहिली गोष्ट ती. माझ्याकडे इंग्रजीचा दुसरा आवाजच नाही, तर खरा कुठून आणू?"

योगिनीच्या मनात आलं, नको करूस. या एका माणसाच्या तोंडात आपलं ते सगळं अजून जिवंत आहे, ते घालवू नकोस. पण हे म्हणायचा आपल्याला काय अधिकार? रोज शिव्या हिने खायच्या, आणि आपण घरात बसून ऐकायचं.

"शिक ना," ती म्हणाली. "नोकरी आहे. निदान लोकांची तोंडं बंद होतील."

"हो ना," अंजली म्हणाली. जाताना तिने आपला नंबर योगिनीच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून दिला. नाव लिहिलं, अँजेला.

दिपालीच्या पोटात काही राहत नाही. पहिल्या पाळीवरून नवनाथ घरी आला तो जिन्यातच सगळं ऐकून. बूट काढत त्याने विचारलं, "तूपण तसं बोलतेस म्हणे? त्या अंजलीसारखं?"

"बोलायचे. पूर्वी."

"आणि ती मैत्रीण तुझी?"

"हो."

नवनाथने मोजे काढून बुटात कोंबले. "एवढे दिवस मी घरात नकला करतोय. मला सांगायचं तरी."

"तुम्ही हसला असतात."

ते खरं होतं. आत जाऊन त्याने तोंड धुतलं, चहा घेतला. दुर्गाबाई देवळात गेल्या होत्या, मुलगा खेळायला. मग तो हळूच म्हणाला, "आता नाही हसणार. बोलून दाखव की."

योगिनीने आधी नको म्हटलं. मग ओट्याला टेकून उभी राहिली आणि वॉशिंग मशीनच्या वॉरंटीचे नियम सांगायला लागली. मशीनला पाणी कमी येत असेल तर आधी नळ तपासा, फिल्टर काढून धुवा, तरीही अडचण असेल तर मी आहेच. सगळं पाठ होतं. बोलता बोलता तिचे खांदे सरळ झाले, हनुवटी वर आली. नवनाथ हसला नाही. तो खुर्चीत जरा सावरून बसला, घरात कुणी मोठ्या घरची पाहुणी आल्यासारखा.

"कोण आहे ही बाई?" तो शेवटी म्हणाला.

"होती एक," योगिनी म्हणाली आणि चहाचं भांडं घासायला घेतलं. त्याने त्यानंतर अंजलीची नक्कल कधी केली नाही. बसमध्ये कुणी केली तर म्हणायचा, जाऊ द्या राव, ओळखीतली आहे.

पावसाळा संपता संपता अंजलीचा आवाज बदलला. एका दिवसात नाही. आधी ‘वॉडर’ गेलं. मग ‘कान्ट’ इतरांसारखं झालं. योगिनी रोज संध्याकाळी ते इंग्रजी चॅनेल लावायची आणि आज काय गेलं ते तिला कळायचं. दिवाळीपर्यंत तिथे एक नीटस, गुळगुळीत इंग्रजी बोलणारी निवेदिका बसलेली होती, इतर चॅनेलवर बसतात तशी. लोकांनी कौतुक केलं. काहींनी लिहिलं, बघा, आम्ही बोललो म्हणून सुधारली. आणि मग लोक तिला विसरून दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागले.

"छान बोलते आता," दिपाली म्हणाली.

दुर्गाबाई भाजी निवडत टीव्हीकडे बघत होत्या. "मला तर काही कळंना," त्या म्हणाल्या. "पण आधी बोलायची तवा कळायचं, का ही ती पोरगी हाय. आता कोण बोलायलंय ते बघाया मान वर करावी लागती."

योगिनीने दुसऱ्या दिवशी दुपारी अंजलीला फोन केला. घरात कुणी नव्हतं. तिने लगेच उचलला.

"ऐकलंस का? कसं वाटतंय?"

"छान. स्पष्ट."

"खरं सांग."

"खरंच स्पष्ट आहे, अंजे."

 पलीकडून मेकअप रूममधल्या पंख्याचा आवाज येत होता.

"एक सांगू?" अंजली म्हणाली. "परवा घरी एकटीच होते. म्हटलं, बघू तरी. आरशासमोर उभी राहिले आणि जुनं बोलायला गेले. नाही गं आलं. मधेच नवं येतं. शिकवणीच्या मॅडमनी इतकं घोटून घेतलंय की जीभ वळतच नाही." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "तुला येतं ना अजून?"

"येतं. थोडंफार."

"मग बोल ना जरा. काहीही बोल. मी ऐकते."

योगिनी मोबाईल घेऊन गॅलरीत गेली. काय बोलावं तिला सुचेना. त्या आवाजात तिने मशीनचे नियम सांगितले होते, थट्टा केली होती. मनातलं असं काही कधी बोललीच नव्हती. मग समोर जे दिसत होतं तेच ती सांगायला लागली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्यात. खाली भाजीवाला हातगाडी सावलीला लावून झोपलाय. तुझ्या पप्पांना सकाळी बघितलं, दूध आणायला चालले होते, तब्येत बरी दिसली. माझा मुलगा आता तिसरीत आहे, नाक अगदी बापावर गेलंय. मला कधीकधी वाटतं, आत्ता खाली गाडी येऊन हॉर्न देईल आणि मला उशीर झालेला असेल. ‘र’ गोल फिरत होता, ‘ट’ मऊ होत होता, मधेच एखादा शब्द जांभई दिल्यासारखा उघडत होता. शेजारच्या गॅलरीत कपडे काढायला आलेली बाई तिच्याकडे टक लावून बघत राहिली. योगिनीने आवाज खाली आणला नाही.

पलीकडून एकच शब्द आला. "अजून."

ती बोलत राहिली. मग तिकडे दार वाजलं, कुणीतरी अंजलीला हाक मारली, पाच मिनिटांत बुलेटिन होतं. "जावं लागेल," अंजली म्हणाली, त्या नव्या, स्वच्छ आवाजात, आणि लगेच मराठीत, "रविवारी करशील ना परत?"

"करीन."

फोन बंद झाला. योगिनी थोडा वेळ तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली. मग मुलाची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून चपला घालून खाली उतरली.